पिचर मुलगा डबल-एमध्ये आहे. त्याने आणखी किती हंगाम खेळावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. मुलगा बेसबॉलचा पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा खेळाडू. त्याचा जन्म न्यू जर्सीतला, येत्या जानेवारीत तो २४ पूर्ण करील. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षानंतर, जुलै २०२३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, तेराव्या फेरीत त्याची निवड झाली. सव्वा लाख डॉलरचा बोनस मिळाला आणि कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीची दोन सेमिस्टर राहून गेली. सर्वांत वरची मेजर लीग, आणि तिच्याखालच्या मायनर लीगच्या पायऱ्या खालून वर लो-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. २०२४ मध्ये तो लो-ए पातळीवर स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारा पिचर, होता. २०२५ मध्ये हाय-एमधून जुलैत डबल-एला गेला, पण तेथे त्याला बुलपेनमध्ये, म्हणजे सामन्यात नंतर येणाऱ्या पिचरांत, हलवले. ऑगस्टमध्ये उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागल्यावर क्लबने उरलेल्या हंगामात त्याला विश्रांती दिली. एमआरआय झालेला नाही. तो मेजर लीगपर्यंत पोहोचण्याची शक्यता किती, आणि आईवडिलांनी त्याला आता थांबायला सांगावे का, असे तुम्ही विचारता.

मी काय अधिकाराने लिहितो आहे तेही सांगतो. मी मूळचा फिजिओथेरपिस्ट. पुण्यात पदवी घेतली, अमेरिकेत ॲथलेटिक ट्रेनिंगचे पुढचे शिक्षण केले, आणि नंतर अनेक हंगाम एका मेजर लीग क्लबच्या शाखा-संघांबरोबर लो-एपासून ट्रिपल-एपर्यंत बसने फिरलो. आता स्वतःचे क्लिनिक चालवतो आणि तेथे येणारे बहुतेक रुग्ण पिचरच असतात. त्यामुळे खांद्याकोपराबद्दल मी बऱ्यापैकी खात्रीने बोलू शकतो. क्लबच्या कार्यालयातले निर्णय मी घेतले नाहीत. ते होताना शेजारच्या खोलीतून पाहिले. तुमच्या मुलाच्या मनात काय आहे, हे मात्र मला इथे बसून कळण्याचा मार्ग नाही आणि या उत्तरातला बराचसा भाग त्यावरच अवलंबून आहे.

शक्यतेचा आकडा मी देणार नाही, कारण तेराव्या फेरीतल्या सगळ्या पिचरांची सरासरी काढली तरी त्यातून या एका हाताबद्दल काही कळत नाही. तुमच्यासमोरचा खरा प्रश्न वेगळा आहे. क्लब या मुलाकडे भविष्यातला मेजर लीग पिचर म्हणून पाहतो आहे, की शाखा-संघांच्या इनिंग (सामन्यातले डाव, सहसा नऊ) भरून काढणारा हात म्हणून? ते ओळखायचे कसे, आणि ते स्पष्ट होईपर्यंत कोपर, करार आणि पदवी यांची राखण कशी करायची? या प्रश्नांची उत्तरे शोधता येतात.

आधी जागांचा हिशेब करू. मेजर लीगचे ३० क्लब, प्रत्येकाच्या सक्रिय यादीत २६ खेळाडू, आणि २०२२ पासून त्यांतले पिचर जास्तीत जास्त १३. म्हणजे हंगामाच्या बहुतेक दिवसांत संपूर्ण मेजर लीगमध्ये पिचरांच्या ३९० जागा. खाली २०२१ च्या फेररचनेनंतर १२० संलग्न संघ आहेत, चार पातळ्यांवर प्रत्येकी ३०. त्यांच्या निम्म्या जागा पिचरांच्या धरल्या तरी संख्या दीड हजाराच्या वर जाते. ॲरिझोना आणि फ्लोरिडातल्या नवोदितांच्या कॉम्प्लेक्स लीग आणि डॉमिनिकन प्रजासत्ताकातली उन्हाळी लीग यात धरलेली नाहीत. शिवाय २०२४ पासून प्रत्येक क्लबला अमेरिकेत ठेवता येणाऱ्या मायनर लीग खेळाडूंची मर्यादा १८० वरून १६५ वर आली आहे. पूर्वी एखादा मधला पिचर दोन-तीन हंगाम कोणाच्या विशेष लक्षात न येता टिकून राहत असे. आता तसे राहणे कठीण झाले आहे, आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रिलीज होणाऱ्यांत, म्हणजे क्लब करारातून मोकळे करतो त्यांच्यात, अशांचाच भरणा असतो.

भारतातले नातेवाईक याची तुलना रणजी सामन्यांशी करतात, असे तुम्ही लिहिले आहे. त्या तुलनेने गैरसमजच वाढतो. रणजी संघ आपल्या राज्यासाठी, विजेतेपदासाठी खेळतो. डबल-एचा संघ गावाच्या नावाने खेळत असला तरी त्यातल्या प्रत्येक खेळाडूचा पगार वरचा क्लब देतो, आणि त्या क्लबला डबल-एचा सामना जिंकण्यात फारसा रस नसतो. त्याला पाहायचे असते की हा हात वर नेला तर चालेल का. म्हणूनच चांगली आकडेवारी असलेला पिचर वर्षभर एकाच पातळीवर बसून राहतो आणि साडेचारच्या ई.आर.ए.चा (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर लागलेल्या धावा; जास्त म्हणजे वाईट) मुलगा बढती घेऊन जातो, हे पालकांना अन्यायाचे वाटणारे दृश्य दर उन्हाळ्यात दिसते.

त्या साडेचारच्या ई.आर.ए.मागे क्लब काय वाचतो, हे समजून घेण्यासारखे आहे. आज या पातळ्यांवरच्या मैदानांत प्रत्येक चेंडू यंत्राने मोजला जातो : वेग, फिरकीचा दर आणि अक्ष, चेंडू हातातून सुटण्याची उंची, गुरुत्वाकर्षणाच्या अपेक्षेपेक्षा तो किती कमी खाली येतो, आडवा किती सरकतो. बुलपेनमधल्या पिचरच्या वाट्याला हंगामात साठ-सत्तर इनिंग येतात. एवढ्या थोड्या इनिंगमध्ये ई.आर.ए. दोन वाईट रात्रींनी बिघडतो. म्हणून क्लब एकूण फलंदाजांपैकी किती स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकनी बाद), किती वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळालेला पहिला बेस), फलंदाजांचे किती फटके हवेत गेले, पहिला चेंडू स्ट्राइक किती वेळा, आणि लागोपाठ दोन दिवस टाकल्यावर वेग टिकतो का, हे बघतो. तुमच्या मुलाचा फास्टबॉल ताशी ९४-९५ मैलांचा आहे. पंधरा वर्षांपूर्वी या आकड्याने लोक मान वळवून पाहत. आज मेजर लीगची सरासरीच ९४ च्या आसपास आहे. तेव्हा वेग ही त्याची प्रवेशाची अट पूर्ण झाली, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. डबल-एत गेल्यावर त्याचे वॉक वाढले, असे तुम्ही लिहिता. मला कोपर सोडून दुसरी काळजी कशाची असेल, तर ती याची.

वेग एकट्याने पुरत नाही, याचे बेसबॉलच्या इतिहासातले सर्वांत मोठे नाव स्टीव्ह डॅलकाउस्की. १९५७ ते १९६५ या काळात, मुख्यतः बॉल्टिमोर ओरिओल्सच्या शाखा-संघांत, तो खेळला. त्याच्याइतका वेगवान चेंडू आपण पाहिला नाही, असे त्या पिढीतले अनेक जण सांगत, आणि त्याचे वॉक जवळजवळ स्ट्राइकआउटइतकेच होते. १९६२ च्या हंगामात त्याचा ताबा सुधारला, १९६३ च्या वसंतात तो मुख्य संघात जागा मिळवण्याच्या बेतात होता, आणि त्याच मार्चमध्ये त्याच्या कोपराला दुखापत झाली. मेजर लीगच्या अधिकृत सामन्यात त्याने एकही चेंडू टाकला नाही.

आता क्लबचा हेतू ओळखण्याच्या खुणा. बुलपेनमध्ये टाकले म्हणजे पायरी उतरवली, असे पालक धरून चालतात. तसे नेहमीच नसते. ज्याच्याकडे दोन चांगले चेंडू आहेत पण तिसरा नाही, त्याला बुलपेनमध्ये हलवले की वेग एक-दोन मैलांनी वाढतो आणि वर जाण्याचा रस्ता आखूड होतो. मात्र त्याला कोणत्या वेळी चेंडू देतात, हे पाहा. एका धावेची आघाडी असताना, समोरच्या संघाचे चांगले फलंदाज येणार असताना त्याला आणत असतील, आणि त्याच्या विश्रांतीचे दिवस आधी ठरलेले असतील, तर क्लब त्याला अजमावतो आहे. सामना हातातून गेल्यावर तीन इनिंग भरायला, किंवा वरच्या संघाचे हात थकले म्हणून दोन दिवस ट्रिपल-एला आणि पुन्हा खाली, असा वापर होत असेल, तर क्लब त्याला वापरतो आहे. एखाद्या महिन्यावरून निष्कर्ष काढू नका, कारण बुलपेन थकले की कोणालाही कसेही वापरतात. दोन महिन्यांचा कल मात्र खोटे बोलत नाही.

त्याहून विश्वासार्ह खूण हिवाळ्यात मिळते. ज्या पिचरबद्दल क्लबला आशा असते, त्याला हंगाम संपताना लेखी आराखडा मिळतो : कोणता नवा चेंडू शिकायचा, किती वजन, कोणत्या तारखेपासून फेकायला सुरुवात, कोणत्या आठवड्यात बुलपेन सत्र, आणि दर पंधरवड्याला त्याचे व्हिडिओ कोणाला पाठवायचे. पिचिंगचा फिरता समन्वयक त्याला स्वतःहून फोन करतो. ‘छान खेळलास, मार्चमध्ये भेटू’ एवढ्यावर ज्याची बोळवण होते, त्याने कान टवकारावेत. होतकरू खेळाडूंच्या ॲरिझोना फॉल लीगसाठी निवड, किंवा क्लबच्या ४० जणांच्या यादीबाहेरचा खेळाडू म्हणून मुख्य संघाच्या स्प्रिंग ट्रेनिंगचे, म्हणजे हंगामपूर्व सरावाचे, निमंत्रण, या गोष्टी झाल्या तर शंकेला जागाच राहत नाही; पण न झाल्या तरी वयाच्या २४ व्या वर्षी त्यातून फार अर्थ काढू नये. डबल-एत २४ हे वय सर्वसाधारण आहे. २६ व्या वर्षीही तेथेच असेल, तर ते बोलके आहे.

वर जाण्याचे आणखी एक व्यावहारिक कारण पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. मेजर लीग क्लब हंगामभर बुलपेनमधले ताजे हात वरखाली हलवत असतात. त्यासाठी खेळाडू क्लबच्या ४० जणांच्या यादीत असावा लागतो आणि त्याच्या ‘ऑप्शन’, म्हणजे त्याला खालच्या संघात पाठवण्याच्या क्लबच्या मुभा, शिल्लक असाव्या लागतात. यादीत आलेल्याला सहसा तीन वर्षांच्या ऑप्शन असतात, आणि २०२२ च्या करारापासून एका हंगामात त्याला पाचपेक्षा जास्त वेळा खाली पाठवता येत नाही. तुमच्या मुलाच्या तिन्ही ऑप्शन अजून कोऱ्या आहेत. तो असामान्य नसला तरी निरोगी, लागोपाठ दोन दिवस टाकू शकणारा आणि वॉक कमी देणारा असेल, तर अशा हाताला प्रत्येक क्लबमध्ये मागणी असते. २०२६ मध्ये मेजर लीगचा किमान पगार ७,८०,००० डॉलर आहे. दिवसाचा हिशेब चार हजार डॉलरच्या वर जातो. म्हणजे वर जेमतेम आठवडाभर काढला, तरी डबल-एच्या वर्षाच्या किमान पगाराच्या जवळपास रक्कम हाती येते. ४३ दिवसांची सेवा झाली की पेन्शनचा हक्क लागतो. आणखी एक उन्हाळा बघू म्हणणारे चिवट लोक या खेळात इतके का आहेत, हे यावरून समजते.

आता दिनदर्शिका, कारण इथे तुमच्या मुलाची परिस्थिती जरा विशेष आहे. १९ किंवा त्याहून अधिक वयात करार केलेला खेळाडू चौथ्या वर्षाअखेरीस रूल ५ ड्राफ्टसाठी पात्र होतो. त्याचा करार २०२३ चा, म्हणजे डिसेंबर २०२६. त्याआधी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत त्याच्या क्लबने त्याला ४० च्या यादीत घेऊन सुरक्षित करायचे, नाही तर दुसरा क्लब एक लाख डॉलर देऊन त्याला नेऊ शकतो. नेणाऱ्याने मात्र त्याला पुढचा पूर्ण हंगाम मेजर लीगच्या सक्रिय यादीत ठेवायचे, नाही तर मूळ क्लबला परत देऊ करायचे. नोव्हेंबर २०२६ मधला हा निर्णय म्हणजे क्लबचे त्याच्याबद्दलचे खरे मत तुम्हाला पहिल्यांदा लेखी कळण्याची वेळ आहे. यादीत न घेतलेले बहुतेक जण कोणी नेत नाही, तेही सांगून ठेवतो. त्यामुळे यादीत आला नाही म्हणजे संपले, असा अर्थ लावू नका. पण यादीतही नाही आणि ट्रिपल-एलाही पाठवले नाही, असे झाले तर उत्तर मिळाले असे समजावे.

यात एक मेख आहे. मेजर लीगचे मालक आणि खेळाडू संघटना यांच्यातला सध्याचा सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. मागच्या वेळी, डिसेंबर २०२१ मध्ये, करार संपताच मालकांनी टाळेबंदी केली आणि त्या वर्षी रूल ५ चा मेजर लीगचा टप्पा रद्द झाला. पुन्हा तसे झाले, तर यादीत असलेल्या खेळाडूंना क्लबच्या मैदानात पाऊलही टाकता येणार नाही. यादीत नसलेले मायनर लीगचे खेळाडू मात्र २०२२ च्या वसंताप्रमाणे सराव करत राहतील, कारण त्यांचा स्वतंत्र करार २०२७ पर्यंतचा आहे. टाळेबंदी होईलच असे मी म्हणत नाही. पण सगळा निर्णय त्या एका डिसेंबरवर टांगून ठेवू नका. आणि त्या ड्राफ्टआधी कोणी वाट न पाहता जे तपासेल, ते त्याचे कोपर.

त्याबद्दल सविस्तर लिहितो. वरून फेकताना कोपराच्या आतल्या बाजूवर उघडण्याचा ताण येतो आणि तो मुख्यतः एका छोट्या अस्थिबंधावर, अलनर कोलॅटरल लिगामेंटवर पडतो. पूर्ण जोराच्या फेकीत हा ताण त्या अस्थिबंधाच्या एकट्याच्या ताकदीच्या मर्यादेला जाऊन भिडतो. त्याला वाचवतात ते मनगट वाकवणारे, कोपराच्या आतून निघणारे स्नायू. हे स्नायू थकले किंवा दुखावले की भार अस्थिबंधावर येतो. म्हणून ‘आत दुखते’ या एका तक्रारीमागे स्नायूचा ताण, अस्थिबंधाची अर्धवट फाट, करंगळी आणि अनामिकेत मुंग्या आणणारी नसेची कुरकुर, किंवा हाडाची ताण-दुखापत, यांपैकी काहीही असू शकते. विश्रांतीने दुखणे थांबले, ही आनंदाची बातमी खरी. पण त्यातून कोणते निदान हे कळत नाही, कारण अर्धवट फाटलेला अस्थिबंधही न फेकता दुखत नाही.

यासाठीच, नव्या हंगामाचे फेकणे सुरू करण्यापूर्वी एमआरआय करून घ्यावा, शक्यतो सांध्यात कॉन्ट्रास्ट द्रव सोडून केलेला. तो क्लबच्या वैद्यकीय विभागाकडे लेखी मागावा; गुपचूप बाहेरून करून आणू नये, कारण उपचारांचा खर्च आणि जबाबदारी क्लबची आहे आणि ती तशी नोंदलेली राहिली पाहिजे. स्नायूची दुखापत निघाली, तर सहा-आठ आठवड्यांची शिस्त आणि टप्प्याटप्प्याने वाढवलेले फेकणे एवढ्यावर बहुधा भागते. अर्धवट फाट वरच्या टोकाला, दंडाच्या हाडाजवळ असेल, तर शस्त्रक्रियेविना बरे होण्याची आशा खालच्या टोकाच्या फाटीपेक्षा जास्त. पूर्ण फाट असेल, तर टॉमी जॉन शस्त्रक्रिया.

तिचे नाव ऐकून घाबरू नका. डॉ. फ्रँक जोब यांनी सप्टेंबर १९७४ मध्ये टॉमी जॉन या पिचरच्या हातावर ती पहिल्यांदा केली. शरीरातलाच दुसरीकडचा स्नायुबंध घेऊन अस्थिबंधाच्या जागी बसवला. १९७६ मध्ये तो परतला, १९८९ पर्यंत खेळला आणि त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. आज स्पर्धात्मक पिचिंगला परतायला साधारण १२ ते १८ महिने लागतात. जेकब डीग्रॉमला न्यूयॉर्क मेट्सने २०१० च्या ड्राफ्टमध्ये नवव्या फेरीत घेतले. कॉलेजात तो मुळात शॉर्टस्टॉप, म्हणजे क्षेत्ररक्षक, होता. त्याच वर्षी त्याची ही शस्त्रक्रिया झाली, २०११ चा संपूर्ण हंगाम गेला, आणि तो मेजर लीगला आला मे २०१४ मध्ये, सव्वीसावे पूर्ण होण्याच्या जरा आधी. पुढे दोनदा सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार. ज्याची आई भारतीय वंशाची आहे तो कुमार रॉकर आपल्या लोकांच्या ओळखीचा : मे २०२३ मध्ये शस्त्रक्रिया, सप्टेंबर २०२४ मध्ये टेक्सास रेंजर्सकडून पदार्पण. अर्थात तो २०२२ च्या ड्राफ्टमधला तिसरा खेळाडू. ज्याच्यात लाखो डॉलर घातले आहेत, त्याची क्लब निवांत वाट पाहतो. तेराव्या फेरीतल्याला तेवढी मुभा नसते.

त्यामुळे वेळेचा हिशेब महत्त्वाचा ठरतो. फाट आता, हिवाळ्याच्या तोंडावर कळली आणि शस्त्रक्रिया झाली, तर २०२६ जाईल, पण २०२७ च्या सुरुवातीला २५ वर्षांचा निरोगी हात मैदानावर असेल. दुखणे लपवून तो एप्रिलमध्ये उभा राहिला आणि मेमध्ये अस्थिबंध तुटला, तर २०२६ जाईलच आणि २०२७ चाही मोठा भाग जाईल. परतेल तेव्हा सव्वीसावे समोर दिसत असेल, आणि मधल्या काळात त्याच्यापेक्षा लहान, त्याच्याइतक्याच वेगाचे दोन ड्राफ्ट आलेले असतील. दुखणे सांगितले तर जागा जाईल, ही भीती मी क्लबहाउसमध्ये रोज पाहिली आहे आणि ती निराधार नाही. तरीही हे दोन हिशेब शेजारी ठेवून मी प्रत्येकाला सांगत आलो आहे की सांगण्यात नुकसान कमी आहे.

हंगाम संपताना क्लब वैद्यकीय तपासणी करून खेळाडूची सही घेतो. दुखणे चालू असताना ‘काही तक्रार नाही’ यावर सही केली असेल, तर नंतर कामावर झालेल्या दुखापतीच्या भरपाईचा दावा अवघड होतो. त्याने सप्टेंबरमध्ये नेमके काय लिहून दिले, हे त्याला शांतपणे विचारा. चुकीचे असेल तर एजंट किंवा खेळाडू संघटनेमार्फत आताच लेखी दुरुस्ती पाठवता येते.

पैशांबद्दल थोडक्यात. तुम्ही इंटरनेटवर वाचलेल्या उपासमारीच्या कथा खऱ्या आहेत, पण बऱ्याच अंशी जुन्या. २०२२ पासून क्लब राहण्याची सोय करतात. त्याच वर्षी मायनर लीगचे खेळाडू संघटनेत आले, आणि किमान वेतनासाठीचा जुना दावा १८.५ कोटी डॉलरवर मिटला. तो दावा उभा करणाऱ्या वकिलांतला एक जण स्वतः मायनर लीगचा माजी पिचर होता. २०२३ च्या पहिल्या सामूहिक कराराने डबल-एचे वार्षिक किमान वेतन १३,८०० वरून ३०,२५० डॉलरवर आणि ट्रिपल-एचे ३५,८०० वर नेले. त्यात संसार होत नाही, पण अविवाहित मुलगा कर्ज न काढता दोन हंगाम काढू शकतो. तुमच्याकडून त्याला दरमहा पैसे लागत असतील, तर बोनसचे काय झाले हे विचारायला हरकत नाही.

रिलीज झालाच तर काय, याचाही विचार आधी करून ठेवावा. अटलांटिक लीग, अमेरिकन असोसिएशन, फ्रंटियर लीग यांसारख्या, मेजर लीग क्लबांच्या शाखा नसलेल्या स्वतंत्र लीगमधून लोक परत येतात. रिच हिल २०१५ मध्ये लाँग आयलंडच्या स्वतंत्र संघातून परतला आणि पुढच्याच वर्षाअखेरीस डॉजर्सने त्याला तीन वर्षांसाठी ४.८ कोटी डॉलर दिले. मेरिल केली हे दुसरे उदाहरण लोक देतात : डीग्रॉमच्याच ड्राफ्टमध्ये आठव्या फेरीत निवड, मेजर लीगमध्ये एकही सामना नाही, मग २०१५ ते २०१८ कोरियात, तिसाव्या वर्षी ॲरिझोनाकडून पदार्पण आणि २०२३ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अंतिम मालिकेत, एका सामन्यात विजय. पण हिल आधी अनेक वर्षे मेजर लीगमध्ये खेळलेला होता आणि केली कोरियाला गेला तो ट्रिपल-एचा स्टार्टर म्हणून. डबल-एच्या बुलपेनमधल्या पिचरला कोरियाचा दरवाजा सहसा उघडत नाही. स्वतंत्र लीगचा एक हंगाम मला मान्य आहे, हात निरोगी असेल आणि वेग टिकून असेल तर. पुढे काय करायचे हे सुचत नाही म्हणून तेथे तीन-तीन उन्हाळे काढणारे मी पाहिले आहेत. तसे होऊ देऊ नये.

भारतातून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांचे नाव तुम्हाला कोणी ना कोणी ऐकवत असेलच. उत्तर प्रदेशातले हे दोन भालाफेकपटू २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केले. पटेल २०१० मध्ये बाहेर पडला. सिंग लो-एपर्यंत पोहोचला आणि नंतर दुखापतींनी त्याची कारकीर्द थांबली. बॉल हातात न धरलेल्या माणसाने एवढे अंतर कापले, याचे मला आजही कौतुक वाटते. तुमचा मुलगा लहानपणापासून खेळत आला आहे आणि त्या दोघांच्या दोन पायऱ्या वर आहे, हे कोणी टोमणा मारला तर जरूर सांगा.

आता माझे मत. त्याला थांबायला सांगू नका, आणि चालू ठेव असेही सांगू नका. एमआरआय स्वच्छ निघाला, तर त्याने २०२६ पूर्ण खेळावे आणि निर्णय नोव्हेंबरनंतर घ्यावा; हंगामाच्या मध्यात, वाईट रात्रीनंतर बसमधून केलेल्या फोनवर कधीही घेऊ नये. तोवर वॉकचे प्रमाण खाली आले का, महत्त्वाच्या वेळी चेंडू मिळू लागला का आणि ट्रिपल-एला पाठवले का, या तीन गोष्टी पाहाव्यात. तिन्ही नसतील, तर मी २०२७ खेळू नये असे म्हणेन. शस्त्रक्रिया लागली, तर हा हिशेब एक वर्ष पुढे सरकतो आणि ते सक्तीचे वर्ष पदवी पूर्ण करण्यासाठी याहून सोयीचे मिळणार नाही. हा माझा सल्ला आहे; तो २४ वर्षांचा होतो आहे आणि करारावर त्याची सही आहे, तेव्हा शेवटचा शब्द त्याचाच. त्याच्या आईंना ही अनिश्चितता सर्वांत जास्त टोचते, असे तुमच्या पत्रावरून दिसते. त्यांच्यासाठी एक सोपी गोष्ट करता येईल : त्याचा संघ न्यू जर्सीतल्या ब्रिजवॉटरला सॉमरसेटच्या डबल-ए संघाविरुद्ध खेळायला येईल तेव्हा दोघांनी जावे, सामन्यानंतर त्याला जेवायला न्यावे आणि त्या रात्री वेग, बढती, पदवी यांपैकी काहीही काढू नये. तो आपणहून बोलला, तर तुम्हाला माझ्या उत्तरापेक्षा बरेच जास्त कळेल.

पदवीबाबत एक काम मात्र याच आठवड्यात करा. करारात मेजर लीगच्या शिक्षण योजनेचे कलम आहे का, आणि असल्यास किती सेमिस्टरचे, किती रकमेचे, हे त्याच्या एजंटकडून लेखी मागवा. हे कलम करार करतानाच घालून घ्यावे लागते, आणि खेळ सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत शिक्षण सुरू केले नाही तर हक्क जातो. कलम असेल, तर खेळत असतानाच हिवाळ्यात एखादा ऑनलाइन विषय त्यातून घेता येतो का, तेही विचारून ठेवा. एमआरआयचा अहवाल आला की त्यातला अस्थिबंधाबद्दलचा परिच्छेद, नाव-गाव काढून, इथे टाका. त्यावर नेमके बोलता येईल.